झील धरणारी गर्दी

पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ती उचलून धरतात. झीलकरी नसतील तर शाहीर कितीही मोठा असला तरी पोवाडा रंगत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गेली काही वर्षे मी रॉक संगीत आणि क्रीडामैदाने यांच्या संबंधाविषयी हाती लागेल ते वाचतो आहे, जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतो आहे, सामन्यांच्या चित्रफिती पाहतो आहे. संगीताचे किंवा ध्वनिशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. पण या सगळ्या वाचन-श्रवणात झीलकऱ्यांची आठवण पुन्हा पुन्हा होत राहिली.

मला पडलेला प्रश्न असा. जगातले सर्वांत नामांकित बँड मोठ्या क्रीडासोहळ्यांत येतात, दहा-बारा मिनिटे वाजवतात आणि जातात. त्या प्रयोगांपैकी बहुतेकांची आठवण वर्षभरही टिकत नाही. उलट काही मोजकी गाणी मूळ कलाकार जवळपासही नसताना पन्नास-साठ वर्षे स्टँडमधून गायली जात आहेत. असे का व्हावे? गाण्याच्या दर्जावर बोट ठेवून हे सुटत नाही, कारण विसरल्या गेलेल्या प्रयोगांत उत्तम गाणीही होती.

एका गाण्यातून दुसरे गाणे

सुरुवात लिव्हरपूलपासून करावी लागते. १९४५ साली ब्रॉडवेवर आलेल्या रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या ‘कॅरोसेल’ या संगीतिकेत ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणे होते. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच ‘गेरी अँड द पेसमेकर्स’ या बँडने ते नव्याने गायले आणि ते ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या काळी अ‍ॅनफिल्डच्या फुटबॉल मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वी त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी कर्ण्यांवरून वाजत. ‘कॉप’ नावाच्या स्टँडमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असलेले प्रेक्षक त्यांच्याबरोबर गात. काही आठवड्यांनी हे गाणे यादीतून उतरले. गर्दीने मात्र ते सोडले नाही आणि आजही सोडलेले नाही.

आता १९७७ मध्ये या. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड इथल्या बिंग्ले हॉलमध्ये ‘क्वीन’ या बँडचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपवून बँड मंचामागे गेला, पण प्रेक्षक हलेनात. टाळ्या वाजवून वाजवून झाल्यावर ते आपणहून गाऊ लागले, आणि गाणे कोणते, तर ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’. फुटबॉलच्या मैदानातले गाणे प्रेक्षकांनी रॉकच्या कार्यक्रमात आणून कलाकारांना ऐकवले. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने ही हकिगत अनेक मुलाखतींत सांगितली आहे. त्याच्या मनात प्रश्न आला की, एवढ्या दाटीत उभ्या असलेल्या माणसांना आपण काय करायला सांगू शकतो? हातपाय फार हलवायला जागा नाही. पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तोच एक गाणे डोक्यात घेऊन. ते गाणे ‘वी विल रॉक यू’. त्याच प्रेरणेतून गायक फ्रेडी मर्क्युरीने ‘वी आर द चॅम्पियन्स’ लिहिले. दोन्ही गाणी त्याच वर्षी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर प्रसिद्ध झाली.

आज जगात क्वचितच असे स्टेडियम असेल जिथे ही दोन गाणी वाजली नसतील. त्यांतले पहिले गाणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याची रचनाच गर्दीला झीलकरी मानून केलेली आहे.

आवाजाला लागणारा वेळ

यासाठी मैदानाचे थोडे गणित पाहू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. दिवाणखान्यात हा वेग जाणवत नाही, स्टेडियममध्ये जाणवतो. फुटबॉलच्या मैदानाची लांबी साधारण १०५ मीटर असते. दोन्ही टोकांच्या स्टँडमधल्या मागच्या रांगा धरल्या तर समोरासमोरच्या दोन प्रेक्षकांत २०० मीटर अंतर सहज पडते. म्हणजे एकाने वाजवलेली टाळी दुसऱ्यापर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. जलद लयीचे, शब्दांनी गच्च भरलेले गाणे इतक्या माणसांनी एकत्र गायला घेतले, तर दोन बाजू एकमेकींच्या पुढेमागे धावू लागतात आणि नुसता गोंगाट उरतो.

‘बीटल्स’नी १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर, ५५ हजारांहून अधिक लोकांपुढे कार्यक्रम केला. या दौऱ्यासाठी व्हॉक्स कंपनीने खास १०० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते. गायकांचा आवाज मात्र सामन्याच्या सूचना देणाऱ्या मैदानातल्या कर्ण्यांतूनच जात होता. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांपुढे बँडला स्वतःचेच वाजवणे नीट ऐकू येत नव्हते. मैदान भरता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले, पण भरलेल्या मैदानाशी संगीताने बोलायचे कसे हा प्रश्न तसाच राहिला.

‘वी विल रॉक यू’मध्ये त्याचे एक उत्तर आहे. ठेका असा : दोनदा पाय, एकदा टाळी आणि मग एक रिकामी मात्रा. लय मिनिटाला ८१ ठोक्यांच्या आसपास. टाळीपासून पुढच्या पायापर्यंत सुमारे पाऊण सेकंद जातो. पलीकडच्या स्टँडमधल्या टाळीचा आवाज अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक वेळात आपल्यापर्यंत येतो, तो नेमका या मोकळ्या जागेत पडतो. हा हिशेब माझा आहे, मे याने असे मोजून रचले असा माझा दावा नाही. पण गर्दीतला आवाज वेगवेगळ्या अंतरांवरून वेगवेगळ्या वेळी येतो, याचा विचार त्याने केला होता हे नक्की. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, बँडच्या मंडळींनी लाकडी फळ्यांवर पाय आपटून हा ठेका ध्वनिमुद्रित केला. मग मे याने त्याच आवाजाच्या प्रती थोड्या थोड्या विलंबाने एकमेकींवर चढवल्या. विलंबांची प्रमाणे त्याने मूळ संख्यांमध्ये ठेवली, त्यामुळे कानाला प्रतिध्वनी न वाटता आपण शेकडो माणसांच्या मधोमध उभे आहोत असे वाटते. मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. पुढे २००७ मध्ये त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून खगोलभौतिकीत डॉक्टरेटही पूर्ण केली.

या गाण्यात ड्रम नाहीत, बेस गिटार नाही, आणि मुख्य गिटार अगदी शेवटी येते. एका नामांकित बँडने आपली बहुतेक वाद्ये बाजूला ठेवून तिथे प्रेक्षकांना उभे केले.

बारा मिनिटांचे स्टेडियम

याच्या नेमके उलट टोक पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. ‘सुपर बोल’ हा अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला अंतिम सामना. त्याच्या मध्यंतरातला संगीताचा कार्यक्रम आज सामन्याइतकाच गाजतो. सुरुवात साधी होती. १९६७ च्या पहिल्या सामन्यात विद्यापीठांची संचलन वाद्यपथके आणि अल हर्ट हा ट्रम्पेटवादक होता. बरीच वर्षे तोच शिरस्ता चालला. १९९२ मध्ये मध्यंतरात हिवाळ्याच्या कल्पनेवरचा एक कार्यक्रम ठेवला होता. त्याच वेळी ‘फॉक्स’ या प्रतिस्पर्धी वाहिनीने आपल्या विनोदी मालिकेचा खास भाग थेट प्रक्षेपित केला आणि दोन कोटींहून अधिक प्रेक्षक तिकडे वळवले. आयोजकांनी धडा घेतला. पुढच्याच वर्षी मायकेल जॅक्सनला बोलावले. मध्यंतराचे काम तेव्हापासून बदलले. टीव्हीसमोरच्या माणसाने रिमोट उचलू नये, हे ते काम.

हे लक्षात घेतले की पुढचे सगळे उलगडते. स्टेडियममध्ये सत्तरएक हजार माणसे असतात, पडद्यासमोर अमेरिकेतच दहा कोटींहून अधिक. अलीकडच्या वर्षांत या सामन्यातल्या ३० सेकंदांच्या जाहिरातीसाठी ७० लाख डॉलरच्या घरात रक्कम मोजली गेली आहे. कलाकाराला मात्र मानधन दिले जात नाही. निर्मितीचा खर्च आयोजक करतात आणि प्रसिद्धी हाच मोबदला. शेकडो माणसे चाकांच्या गाड्यांवरचे मंचाचे तुकडे ढकलत मैदानात आणतात, काही मिनिटांत जोडतात, बारा-तेरा मिनिटांच्या प्रयोगानंतर तितक्याच लवकर बाहेर नेतात. मंचाभोवती नाचणारा जमावदेखील अनेकदा आधी निवडून, तालीम देऊन आणलेला असतो.

रॉक बँडचा इथला खरा काळ २००४ नंतरचा. त्या वर्षी ह्यूस्टनमध्ये जॅनेट जॅक्सनचे वक्षस्थळ क्षणभर उघडे पडले. संपर्क आयोगाने सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड केला, तो पुढे न्यायालयात टिकला नाही. पण आयोजक घाबरले. पुढच्या सहा वर्षांची यादी पाहा : पॉल मॅकार्टनी, रोलिंग स्टोन्स, प्रिन्स, टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्स, ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचा ई स्ट्रीट बँड, द हू. मॅकार्टनी तेव्हा ६२ वर्षांचा, मिक जॅगरही ६२ चा, ‘द हू’चा गायक रॉजर डॉल्ट्री ६५ चा. ज्या संगीताला एके काळी आईबाप घाबरत, ते चाळीस वर्षांनी सर्वांत बिनधोक म्हणून निवडले गेले. तरीही २००६ मध्ये स्टोन्सच्या गाण्यातल्या काही शब्दांच्या वेळी जॅगरचा आवाज बंद केला गेलाच.

२०१४ मध्ये ‘रेड हॉट चिली पेपर्स’ ब्रूनो मार्सच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून आले. प्रेक्षकांपैकी काहींच्या लक्षात आले की त्यांच्या गिटारींना वायरच जोडलेली नाही. बेसवादक फ्ली याने नंतर पत्र लिहून खुलासा केला. गायन प्रत्यक्ष होते, वाद्ये आधी ध्वनिमुद्रित केलेली होती. आयोजकांचीच तशी अट होती, कारण मंच जोडायला मिनिटेच मिळतात आणि तेवढ्यात शंभर गोष्टी बिघडू शकतात. वाजवण्याचे सोंग करायला एरवी नकार देणाऱ्या त्यांच्या बँडने विचारांती हे मान्य केले. आणि वायर जोडल्याचे नाटक करण्यापेक्षा न जोडणेच त्यांना बरे वाटले. मला हा खुलासा प्रामाणिक वाटतो आणि आयोजकांची अडचणही खरी वाटते. पण जिथे वाद्याचा आवाज आधीच ठरलेला असतो, तिथे समोरच्या सत्तर हजारांनी काहीही केले तरी वादन बदलत नाही. शाहिराने एकदा मान वळवून झीलकऱ्यांकडे पाहिले की ओळ लांबते. इथे ओळ लांबवण्याची सोयच नाही.

अपवाद आहे तो २००७ चा. मायामीत त्या संध्याकाळी धो धो पाऊस होता. पावसाचे काय करायचे असे विचारल्यावर प्रिन्सने, आणखी जोरात पाडता येईल का, असे विचारल्याचे कार्यक्रमाचा निर्माता डॉन मिशर सांगत असे. त्याच्या प्रयोगाची सुरुवात झाली ती ‘वी विल रॉक यू’च्या ठेक्याने, आणि शेवटी ‘पर्पल रेन’मधला शब्दांविनाचा आलाप त्याने भिजलेल्या प्रेक्षकांवर सोपवला. मध्यंतरांच्या इतिहासात हाच प्रयोग सर्वोत्तम म्हणून वारंवार नावाजला जातो. पावसाचे श्रेय मोठेच. पण गर्दीसाठी जागा ठेवणाऱ्या गाण्याने सुरुवात आणि गर्दीच्या आवाजाने शेवट, ही बांधणीही त्यामागे आहे असे मला वाटते.

मालकी सुटलेली धून

तिसरी तऱ्हा युरोपातली. २००३ मध्ये ‘व्हाइट स्ट्राइप्स’ या दोघांच्याच बँडचे ‘सेव्हन नेशन आर्मी’ आले. सुरुवातीची सात स्वरांची धून बेस गिटारची वाटते. प्रत्यक्षात जॅक व्हाइटने साध्या गिटारीचा स्वर यंत्राने एक सप्तक खाली उतरवला आहे. त्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रुग संघाचे पाठीराखे सामन्यासाठी मिलानला गेले होते. तिथल्या एका बारमध्ये हे गाणे लागले आणि त्यांनी धून उचलली. ब्रुगने बलाढ्य एसी मिलानला १-० ने हरवले आणि ती धून त्यांच्याबरोबर घरी गेली. २००६ च्या सुरुवातीला रोमाचा संघ ब्रुगशी खेळला, तेव्हा रोमाच्या लोकांनी ती ऐकली. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा रस्त्यारस्त्यांवर तीच धून होती आणि शब्दांच्या जागी नुसते ‘पो पो पो’.

इथे कुणी बँडला बोलावले नव्हते. गाण्याचे शब्द गळून गेले, बँडचे नाव बहुतेकांना ठाऊकही नसेल. धुनेचा पहिला स्वर लांब, शेवटचे दोन स्वरही लांब. विखुरलेल्या गर्दीला एकमेकांना गाठायला तेवढा अवधी पुरतो. लोकांनी आपलीशी केलेली धून लोकसंगीतात जमा होते, यापरते सुंदर काही नाही, अशा आशयाचे जॅक व्हाइट बोलला होता. अ‍ॅनफिल्डवर घडले तेच हे.

आपल्याकडे वानखेडेवर ‘सचिऽऽन, सचिन’ हा घोष कोणत्याही बँडने दिलेला नाही. पण तो ऐकताना हेच गणित दिसते. एक स्वर ताणलेला, मग छोटी हाक, मग थांबा. तो थांबा नसता तर समोरच्या स्टँडने उत्तर कुठे दिले असते? २०१३ च्या नोव्हेंबरात तेंडुलकरच्या अखेरच्या कसोटीत या तीन-चार अक्षरांवर सगळे मैदान एका लयीत बांधले गेले होते.

गेलेल्या गायकाला दिलेले उत्तर

‘क्वीन’च्या कथेचा आपल्याशी एक खरा धागा आहे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. झांझिबारमधल्या पारशी कुटुंबातला हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला. पियानो तिथेच शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही त्या शाळेतलाच. पाचगणीने त्याला काय दिले याविषयी भावुक होऊन बरेच लिहिले जाते, मी त्यात भर घालणार नाही. पुढे समोरच्या लाखभर माणसांना झील धरायला लावण्याची जी हातोटी त्याने कमावली, तिच्याबद्दल मात्र बोलायला हवे. गाण्यांच्या मधे तो एक स्वरावली टाकी, गर्दी ती परत करी. मग तो थोडी अवघड टाकी. एका वेळी एकच ओळ, आणि उत्तर पूर्ण येईपर्यंत तो थांबे.

१९९१ च्या २४ नोव्हेंबरला तो वारला. २०१२ च्या १२ ऑगस्टला लंडन ऑलिम्पिकचा समारोप होता. स्टेडियममधल्या पडद्यांवर त्याची १९८६ ची चित्रफीत सुरू झाली. ती वेम्बलीतली, म्हणजे आणखी एका फुटबॉल मैदानावरची. पडद्यावरच्या मर्क्युरीने स्वर टाकला आणि सुमारे ८० हजारांच्या स्टेडियमने उत्तर दिले. त्याने पुढचा टाकला, पुन्हा उत्तर आले. मग ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर प्रत्यक्ष मंचावर आले आणि जेसी जे या गायिकेबरोबर त्यांनी ‘वी विल रॉक यू’ सादर केले.

हा प्रसंग मी पुष्कळदा पाहिला आहे. गायक गेलेला, आवाज २६ वर्षांपूर्वीचा, चित्र पडद्यावरचे. तसे पाहिले तर वायर न जोडलेल्या गिटारीपेक्षाही हे अधिक कृत्रिम. तरीही प्रेक्षकांना फसवल्यासारखे वाटले नाही, कारण त्या जुन्या ध्वनिमुद्रणात त्यांच्यासाठी सोडलेली जागा शाबूत होती. जिवंत संगीत म्हणजे काय, याचे मला सापडलेले उत्तर असे आहे : मंचावरचे वाद्य जोडलेले आहे की नाही याने ते पूर्णपणे ठरत नाही. समोरच्या माणसाने काही केल्याशिवाय ते पुरे होत नाही, यावर ते ठरते.

भरून टाकलेल्या जागा

हा विषय नुसत्या आठवणींचा राहिलेला नाही. फुटबॉलच्या नियमांनुसार मध्यंतर १५ मिनिटांहून अधिक असू नये. २०२५ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीत झालेल्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फिफाने प्रथमच अमेरिकन धर्तीचा मध्यंतराचा कार्यक्रम केला आणि मध्यंतर त्या मर्यादेपलीकडे गेले. ‘कोल्डप्ले’च्या ख्रिस मार्टिनचा त्याच्या आखणीत हात होता. २०२६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही असा कार्यक्रम करण्याचे फिफाने जाहीर केले. क्रिकेटमध्ये आयपीएलने तर दोन चेंडूंमधली जागाही ध्वनिवर्धकांच्या ताब्यात दिली आहे. चौकार गेला की गाणे, बळी गेला की गाणे, आणि काहीच घडले नाही तर प्रेक्षकांना ओरडायला सांगणारा निवेदक.

मोठे कलाकार मैदानात येण्याला माझा विरोध नाही. प्रिन्ससारखा कलाकार तिथेही गर्दीसाठी जागा करून दाखवतो. काळजी वेगळी आहे. अ‍ॅनफिल्डची गर्दी गाऊ लागली ती कर्णे थांबल्यावर, स्टॅफर्डची गर्दी गायली ती बँड आत गेल्यावर, ब्रुगचे लोक गायले ते कुणीही वाजवत नसताना. मैदानावर टिकलेले प्रत्येक गाणे अशा रिकाम्या वेळात जन्मले आहे. तो वेळच आपण विकून टाकला, तर पुढची गाणी येणार कुठून?

पुढच्या वेळी सामन्याला गेलात तर एवढे करून पाहा. ध्वनिवर्धक बंद पडतील तेव्हाचे अर्धे मिनिट कान देऊन ऐका. कुठल्या तरी कोपऱ्यात दहा-वीस जण काहीतरी सुरू करतील, कदाचित बेसूर. समोरचा स्टँड ते उचलतो की नाही, ते पाहा.